तळघरात टीव्ही लावायचाय? दुकानात जाण्याआधी जिना मोजा

आमचं तळघर वीस वर्षं अडगळीचं होतं. गव्हाच्या कोठ्या, मुलाची मोडकी सायकल, सासऱ्यांच्या मासिकांचे गठ्ठे आणि दर दिवाळीला काढून पुन्हा तिथेच टाकलेला आकाशकंदील. मग एका मे महिन्यात वर पारा ४५ ला टेकलेला असताना मी काहीतरी शोधायला खाली गेले आणि तिथेच बसून राहिले. इतकं गार! त्या रात्री जेवताना ठरलं की तळघर साफ करायचं, रंग द्यायचा आणि खाली मोठा टीव्ही लावायचा. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "वरचा टीव्ही चांगला चालू आहे, खाली जाऊन काऊन पाहता?"

पुढे जे झालं त्यात आमचा एक टीव्ही गेला आणि बरेच पैसे गेले. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी तळघर नीट पाहिलं, मग टीव्ही पाहिला. वरच्या हॉलसाठी टीव्ही घेताना जे नियम चालतात त्यातले निम्मे खाली चालत नाहीत. तुम्ही नागपुरात असाल आणि तुमच्याही बंगल्याखाली किंवा रो-हाऊसखाली अशी खोली असेल, तर या क्रमाने जा.

लागणारं सामान थोडंच आहे: मोजायचा टेप, जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा, डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र, काही शेकड्यांत मिळतं), पेनड्राइव्ह आणि एक मोठा पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम.

१. जिना मोजा आणि खोकाही मोजा

आम्ही पहिला टीव्ही दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. ६५ इंची. भिंत मोजली होती, जिना कोणाच्या डोक्यातच आला नाही. आमचा तळघराचा जिना काटकोनात वळतो आणि त्याची रुंदी जेमतेम सव्वादोन फूट. ६५ इंची टीव्हीचा खोका साधारण १६० सेंटीमीटर लांब असतो. तो वळणावर भिंतीला टेकला आणि तिथेच अडकला.

डिलिव्हरीवाली पोरं म्हणाली, "मॅडम, हो जाएगा." त्यांनी वर हॉलमध्ये खोका फोडला, नुसता टीव्ही बाहेर काढला आणि वळणावर तो झोपवून, डोक्यावर धरून खाली नेला. मी मागून बॅटरी दाखवत होते. एकाचा अंगठा पडद्याच्या कोपऱ्यावर दाबून बसलेला मला दिसला होता, पण काही बोलले नाही. संध्याकाळी लावला तेव्हा त्याच कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरलेल्या. कंपनीचा माणूस आला, फोटो काढले आणि म्हणाला, "फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." दुकानदाराने चलनाची (माल पोहोचल्याच्या पावतीची) प्रत दाखवली. त्यावर "माल सुस्थितीत मिळाला" आणि खाली माझी सही. खोका फोडायच्याही आधी घेतलेली. पॅनल बदलायचा खर्च ऐकल्यावर आम्ही तो नाद सोडला, कारण त्यात थोडी भर घातली तर नवा टीव्ही येत होता.

म्हणून आधी हे करा. जो टीव्ही मनात आहे त्याच्या खोक्याची लांबी, उंची आणि जाडी बघा. ऑनलाइन माहितीत पॅकेजची मापं बहुधा दिलेली असतात. त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि दोघांनी तो उभा धरून जिना उतरा. फक्त वळणाची रुंदी बघून थांबू नका. डोक्यावरची बीम, जिन्याचा कठडा आणि खालचं दार कोणत्या बाजूला उघडतं, हेही बघा. उचलणाऱ्यांच्या हातांना जागा लागते, ती धरा. पुठ्ठा अडला तर टीव्हीही अडणार, मग दुकानदार काहीही म्हणो.

आमच्या जिन्यातून ५५ इंचाचा पुठ्ठा आरामात गेला. तिथेच आमचा आकार ठरला.

२. ओल तपासा, आणि हे पावसाळ्यात करा

एप्रिलमध्ये नागपुरातलं कोणतंही तळघर कोरडं ठणठणीत वाटतं. त्यावर विश्वास ठेवू नका. शक्य असेल तर एक जुलै-ऑगस्ट जाऊ द्या.

भिंतीची परीक्षा अशी करायची. प्लास्टिकचा दोन फुटी चौकोनी तुकडा घ्या, टीव्ही लावायच्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ओल खोलीच्या हवेतली आहे. दोन्हींचा इलाज वेगळा. पहिल्याला वॉटरप्रूफिंगवाला लागतो, दुसऱ्याला हवा कोरडी करणारं काहीतरी.

आमच्याकडे मातीला लागून असलेल्या भिंतीवर आतून थेंब आले आणि मधल्या विटांच्या भिंतीवर काहीच नाही. टीव्ही मधल्या भिंतीवर गेला. तुमच्याकडेही निवड असेल तर मातीकडच्या भिंतीला हात लावू नका. त्यात ड्रिलने भोकं पाडली की आतलं वॉटरप्रूफिंग फुटायची भीती वेगळीच.

आता हवेतल्या ओलीचं. टीव्हीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर चालवण्याचं तापमान आणि आर्द्रता दिलेली असते. बऱ्याच कंपन्या आर्द्रतेची वरची मर्यादा ८० टक्के देतात, आणि तीही थेंब न जमण्याच्या अटीवर. हायग्रोमीटर आठवडाभर खाली ठेवून सकाळ-रात्र आकडा लिहा. सतत ७० च्या वर जात असेल तर टीव्हीच्या बजेटमधून आधी एक्झॉस्ट, ड्राय मोडचा एसी किंवा डीह्युमिडिफायर काढा.

तीन चुका इथे सगळे करतात, आम्हीही केल्या.

पहिली: कूलर. उन्हाळ्यात कूलर हे आपल्या नागपूरकरांचं कुलदैवत, पण तो बंद तळघरात लावू नका. कूलरला मोकळी खिडकी लागते. बंद खोलीत तो फक्त पाण्याची वाफ भरत राहतो आणि दोन तासांत आकडा ८५ वर जातो. खाली तसंही गार असतं, पंखा पुरतो.

दुसरी: पावसाळ्यात "हवा खेळू दे" म्हणून दार-झरोके उघडे टाकणं. बाहेरची दमट हवा आत येऊन गार भिंतींवर बसते आणि ओल वाढते. त्या दिवसांत दार बंद ठेवून हवा कोरडी करणं बरं.

तिसरी: टीव्हीला प्लास्टिकचं कव्हर घालणं. धूळ वाचते, ओल आत कोंडते. त्यापेक्षा टीव्ही रोज थोडा वेळ लावा. त्याची स्वतःची ऊब आतली ओल घालवते.

३. पाणी शिरलं तर कुठवर येईल, ते ठरवा

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलं नसेल. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांमध्ये घुसलं, मोरभवन बसस्थानकातल्या बस पाण्यात उभ्या होत्या. तेव्हा तळमजलेच पाण्याखाली गेले, तळघरांचं काय सांगायचं. आमच्याकडे नदीचं पाणी आलं नाही, पण नालीचं पाणी उलटं येऊन खाली घोटाभर साचलं होतं.

त्यामुळे टीव्ही भिंतीवरच लावा, जमिनीवरच्या युनिटवर नको. सॉकेट, सेट-टॉप बॉक्स, राउटर, स्पाइक बोर्ड, सगळं किमान तीन-साडेतीन फुटांच्या वर. जुन्या तळघरात प्लग पॉइंट अगदी खाली असतात. इलेक्ट्रिशियनकडून ते वर घेऊन त्या लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. नालीच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसतो, तोही प्लंबरला विचारा. पाणी शिरल्याने बिघडलेला टीव्ही वॉरंटीत येत नाही. घराच्या विम्यात घरातल्या सामानाला पुराचं संरक्षण आहे का, आणि त्यात तळघर धरलंय का, ते मात्र पॉलिसीत वाचून ठेवा.

४. बैठक ठरवा, मग इंच

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, रुंदी नव्हे. आजचे जवळपास सगळे टीव्ही १६:९ प्रमाणाचे असतात. त्यामुळे ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंमी रुंद आणि ५४ उंच, ५५ इंची १२२ बाय ६८, ६५ इंची १४४ बाय ८१ आणि ७५ इंची १६६ बाय ९३ भरतो. बाहेरची कड थोडी जास्त धरा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. कर्णाच्या १.२ पट अंतरावर बसलात तर थिएटरसारखं वाटतं, १.६ पटीवर रोजचं निवांत बघणं होतं. ५५ इंचासाठी हे साधारण साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ साठी साडेसहा ते पावणेनऊ, ७५ साठी साडेसात ते दहा फूट. आमचा सोफा आठ फुटांवर होता, म्हणजे हिशोबाने ६५ हवा होता. पण जिन्याने ५५ सांगितलं होतं. मग काय, सोफाच एक फूट पुढे ओढला. सात फुटांवर ५५ मस्त दिसतो, आणि सोफ्यामागे कोठ्यांना जागाही झाली.

भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवून पडद्याचा आयत करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. घरातले सगळे आपापल्या जागी बसून बघू देत. तळघराचं छत बुटकं असलं की सगळे टीव्ही उंच लावतात आणि मग मान दुखते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, फार तर थोडा वर. सोफ्यावर ती रेषा जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर येते, खाली गादीवर बसत असाल तर ७५-८० वर. आमच्याकडे निम्मे सोफ्यावर आणि मुलांची टोळी सतरंजीवर, म्हणून आम्ही मध्य ९५ वर धरला. आता म्हणाल, पाणी शिरलं तर? ५५ इंचाची खालची कड तेव्हा जमिनीपासून सुमारे ६० सेंमी राहते. घोटाभर पाण्याला ते पुरेसं आहे. ज्यांच्याकडे गुडघ्याच्या वर पाणी आलेलं आहे त्यांनी मात्र मान दुखू द्यावी आणि टीव्ही वर घ्यावा.

५. अंधाराच्या खोलीला कोणतं पॅनल

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानात यावर कोणी बोलत नाही. दुकान लख्ख उजेडात असतं. तिथे जो टीव्ही सर्वांत भडक, तोच डोळ्यात भरतो. तुमचं तळघर अंधारं आहे. तिथे भडकपणाचा काही उपयोग नाही. तिथे काळा रंग किती काळा दिसतो यावर सगळं ठरतं. वरच्या उन्हाळलेल्या हॉलसाठी प्रखरतेला पैसे मोजा, खालच्यासाठी काळ्या रंगाला.

आधी शब्द समजून घ्या. "एलईडी टीव्ही" म्हणजे एलसीडी पडदा आणि मागे एलईडीचा उजेड. "क्यूएलईडी" हाही एलसीडीच, फक्त रंग खुलवणारा एक थर जास्त. "ओएलईडी" मात्र वेगळा: त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने हजारोंचा फरक पडतो, आणि विक्रेते ते अक्षर भरभर बोलतात.

एलसीडीत दोन मुख्य जाती: व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३०००:१ च्या पुढे, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. अंधारात आयपीएसवर रात्रीचं दृश्य लावा, काळं आभाळ राखाडी दिसतं. उलट आयपीएस बाजूने बघितला तरी रंग टिकवतो, व्हीए बाजूने फिका पडतो. तळघर लांबट आणि अरुंद असेल, सगळे समोरच बसत असतील, तर व्हीए घ्या. खोली रुंद असेल आणि निम्मे पाहुणे कडेला बसणार असतील तर विचार करावा लागेल.

खोक्यावर हे लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या ४३ व ५५ इंचांत वेगवेगळी पॅनल असू शकतात. दुकानात ओळखायचं असं: बाजूला सरकून ४५ अंशांतून बघा. रंग धुतल्यासारखे झाले तर बहुधा व्हीए. तसेच राहिले तर बहुधा आयपीएस.

बजेट असेल तर अंधाऱ्या खोलीत ओएलईडीला तोड नाही. पण घरात दिवसभर बातम्यांचं चॅनल चालू राहत असेल तर थांबा. खालची धावती पट्टी, कोपऱ्यातला लोगो, स्कोअरची चौकट अशा एकाच जागी तासन्‌तास राहणाऱ्या गोष्टींचा डाग ओएलईडीवर कायमचा बसू शकतो. आमचे सासरे सकाळी सातला बातम्या लावतात आणि त्या आवाजातच झोपतात. आम्ही व्हीए पॅनल आणि लोकल डिमिंग असलेला टीव्ही घेतला. लोकल डिमिंग म्हणजे मागचा उजेड तुकड्या-तुकड्यांनी कमी-जास्त होतो. जितके तुकडे जास्त, तितकं बरं. मिनी एलईडीत हे तुकडे पुष्कळ असतात, म्हणून तो मधला चांगला पर्याय.

प्रोजेक्टर का नाही, असं पुतण्याने विचारलं होतं. घ्या की, अंधार आहेच. पण बुटक्या छतात उभा राहणारा प्रत्येक माणूस पडद्यावर सावली पाडतो आणि बातम्या बघायला कोणी प्रोजेक्टर लावत नाही.

६. एचडी, फुल एचडी, फोर-के

एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके, फुल एचडी १९२० बाय १०८०, फोर-के ३८४० बाय २१६०. ४३ इंच आणि वर गेलात की बाजारात मुख्यतः फोर-केच आहे, त्यावर फार डोकं चालवू नका.

डोकं चालवा ते तुम्ही काय बघणार यावर. डिशवरचे साधे चॅनल ७२० बाय ५७६ चे असतात. ते ५५ इंचावर ताणले की चेहरे मेण लावल्यासारखे दिसतात, आणि मग लोक टीव्हीला शिव्या देतात. सेट-टॉप बॉक्स एचडी घ्या, पॅकमधले रोजचे चॅनल एचडी करून घ्या आणि बॉक्स एचडीएमआय केबलनेच जोडा. जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर जोडून "एचडी दिसत नाही" म्हणणारी दोन घरं मी स्वतः पाहिली आहेत.

मुलगा गेमिंग कन्सोल लावणार असेल तर एचडीएमआय २.१ आणि खरा १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) पॅनल विचारा. "मोशन रेट" वगैरे नावाने मोठे आकडे सांगतात, त्याला भुलू नका, "पॅनलचा रिफ्रेश रेट किती?" एवढंच विचारायचं. कन्सोल नसेल तर ६० हर्ट्झ पुरे.

७. खाली सिग्नल पोहोचतो का

वाय-फाय सळया-काँक्रीटच्या स्लॅबमधून आणि मातीतून नीट उतरत नाही. जिन्यात उभं राहून मोबाईलवर स्पीड दिसला म्हणून खूश होऊ नका. टीव्हीच्या जागी, दार लावून, रात्री नऊला तपासा. फोर-के सिनेमासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५ चालतं.

खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून खालपर्यंत कॅट-६ केबल. टीव्हीच्या इंटरनेट पोर्टचा वेग बहुतेक मॉडेलमध्ये १०० एमबीपीएसपुरताच असतो, पण एवढ्या कामाला तो भरपूर झाला. रंगकाम व्हायच्या आधी पीव्हीसी पाइप टाकून त्यातून तीन वायरी ओढा: इंटरनेटची, डिशची आणि एक नुसती सुतळी. पुढे नवी वायर ओढायची झाली की त्या सुतळीला तुम्ही दुवा द्याल.

डिशची आरजी-६ केबल गच्चीपासून तळघरापर्यंत सलग, मध्ये जोड न देता आणा.

८. वीज

मे-जूनमध्ये आपल्याकडे गडगडाट सुरू झाला की लाइट येते-जाते. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या लेबलवर बघा. त्यामुळे दुकानात गळ्यात मारलेला स्टॅबिलायझर प्रत्येकाला लागतोच असं नाही. अर्थिंग तपासून घेणं आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) लावणं याला आधी पैसे द्या. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर शोभेचा. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा असावा.

वीज कडाडायला लागली की प्लग काढतो, पण डिशची केबल तशीच राहते. तीही बॉक्समधून फिरवून काढा. गच्चीवरची विजेची लाट त्याच वाटेने खाली येते.

९. आवाज

उघड्या भिंती आणि फरशी असली की तळघर घुमतं. साउंडबार घेण्याआधी सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांचं कपाट आणून बघा. आमचं निम्मं काम सासऱ्यांच्या त्या मासिकांनीच केलं. साउंडबार घ्यायचाच तर टीव्हीला एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारं) एचडीएमआय पोर्ट आहे का बघा.

१०. आता दुकानात जा

सीताबर्डी असो, सदर असो की मॉल, चार ठिकाणी फिरा आणि ऑनलाइन किंमत मोबाईलवर उघडी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा "जुना स्टॉक आहे" म्हणून जुनी किंमत लावली तर बिलातला कर बघा.

पेनड्राइव्हमध्ये दोन गोष्टी न्या: स्वतःच्या मोबाईलवर काढलेला रात्रीचा व्हिडिओ आणि पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पाच चित्रं. टीव्ही दुकानाच्या डेमो मोडमधून काढून "सिनेमा" किंवा "मूव्ही" मोडवर लावायला सांगा. विक्रेता नाक मुरडेल, "मॅडम, यात पिक्चर डल दिसतं." दिसू दे. तुमच्या तळघरात तेच बरोबर दिसणार आहे.

सापळे इथेच असतात. "नो कॉस्ट ईएमआय"मध्ये बहुधा रोखीची सूट जाते आणि वर प्रोसेसिंग फी लागते. दोन्ही धरून एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की तिसऱ्याच कोणाची, ते विचारा. नागपुरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, ते तुमचा पिनकोड टाकून कंपनीच्या साइटवर बघा. स्वस्तातल्या टीव्हीला दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईहून पार्ट येईस्तोवर आयपीएल संपतं. भिंतीचा ब्रॅकेट मोफत आहे की वेगळे पैसे, हे आधीच ठरवा. स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट दोन मॉडेलमध्ये ताडून बघा.

जवळ असू द्यायची कागदपत्रं:

- हप्त्याने घेत असाल तर पॅन, आधार, बँकेचा तपशील
- दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल
- तारीख-शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड (किंवा ऑनलाइन नोंदणीचा मेसेज)
- वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचं वेगळं प्रमाणपत्र
- इन्स्टॉलेशन झाल्याची कंपनीची पावती
- जुना टीव्ही एक्सचेंजमध्ये दिला तर त्याची रक्कम बिलात वजा दाखवलेली

११. टीव्ही घरी आला त्या दिवशी

बुकिंग करतानाच लिहून द्या की टीव्ही तळघरात न्यायचा आहे आणि जिना वळणाचा आहे. खोका फोडल्यापासून चालू होईपर्यंत व्हिडिओ काढा. पॅनल कधीही झोपवायचा नाही, उभाच धरायचा, पडद्याच्या काचेवर बोट नाही. कोणी "हो जाएगा" म्हणालं की थांबवा. आणि चलनावर सही टीव्ही चालू होऊन चित्र दिसल्यावरच. फारच घाई केली तर सहीच्या वर "खोका न उघडता घेतला" एवढं लिहा.

मग दिवे बंद करून ती पाच चित्रं पुन्हा बघा: मेलेले ठिपके, कोपऱ्यांतून गळणारा उजेड, पांढऱ्यावर मळकट पट्टे. काही दिसलं तर त्याच दिवशी दुकान आणि कंपनी दोघांना लेखी कळवा. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आम्हाला पहिल्या वेळी तो माहीतच नव्हता.

सेटिंगमध्ये "होम" निवडा, बॅकलाइट ३०-४० वर आणा, सिनेमा बघताना मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणारं सेटिंग, बंद करा (क्रिकेटला थोडं चालतं). पडद्याच्या मागे पांढऱ्या उजेडाची, ६५०० के लिहिलेली, एलईडी पट्टी लावा. पूर्ण अंधारात डोळे शिणतात, आणि समोरची ट्यूबलाइट पडद्यात दिसते. ही पट्टी दोन्ही वाचवते.

१२. मृग लागायच्या आधी

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे एक तासाचं काम असतं. बाहेरची नाली साफ, झरोक्यांना जाळी, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघणं, टीव्हीमागची धूळ कोरड्या ब्रशने काढणं आणि हायग्रोमीटरचा सेल बदलणं. हायग्रोमीटर टीव्हीशेजारीच खिळ्याला टांगलाय. काल रात्री मॅच सुरू झाली तेव्हा त्यावर ७१ होते. एसी ड्रायवर टाकला, आणि दुसऱ्या डावाच्या मध्यावर मुलगा उठून बघून आला: ५६.